घाम धरणारे कापड : खोगीर, घोंगडी, झूल आणि धुण्याची क्रियापदे

'खोगीरभरती' हा शब्द आपल्या समीक्षेत आणि संपादकीय बोलण्यात सर्रास येतो. एखाद्या संग्रहात दोन चांगल्या कथांबरोबर आठ सामान्य कथा आल्या, की बाकीची खोगीरभरती असे लिहून आपण मोकळे होतो. पदवीच्या वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला तर सगळ्यांना सांगता येतो. मार्गदर्शिकेत तो छापलेलाच असतो. खोगीर म्हणजे काय, असे विचारले की मात्र वर्ग गप्प होतो. आमच्या इंदूरच्या वर्गात एकदा उत्तर आले, की भरल्या वांग्यासारखी ती एखादी भरली भाजी असावी. वर्ग हसला. पण त्या उत्तरामागचा तर्क टाकाऊ नव्हता. 'भरती' दिसते आहे आणि जिच्यात भरायचे ती वस्तू दिसत नाही, तेव्हा मुलगी ज्या ठिकाणी भरण्याचे काम रोज पाहते त्या स्वयंपाकघरात गेली.

या लेखात त्या वस्तूकडे जायचे आहे. घोड्याच्या पाठीवर जे जे कापड पडते, म्हणजे खोगीर, त्याखालचा नमदा, थंडीत पांघरायची घोंगडी, मिरवणुकीची झूल, ते घरच्या घरी कसे धुवावे, वाळवावे आणि ठेवावे याची रीत येथे सांगते, आणि ती सांगताना मराठीची कोणती क्रियापदे कामाला येतात तेही पाहते. गेली तीन वर्षे कृतिलेखन शिकवताना मी हा विषय वापरते आहे. मराठी घेणाऱ्या मुलांची संख्या आमच्याकडे दोन आकडी झाली तरी आम्ही आनंद मानतो, त्यामुळे प्रयोग करायला मोकळीक भरपूर असते. शिक्षकमित्रांना हा विषय उचलावासा वाटला तर जरूर उचलावा. घोडा नसला तरी चालते, घरातली एक जुनी घोंगडी पुरते.

आधी शब्द. खोगीर हा फारसीतल्या दोन शब्दांचा जोड आहे : 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा, घेणारा. घाम धरते ते खोगीर. हा 'गीर' मराठीत इतरत्रही ओळखीचा आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, जागा धरून असलेली ती जहागीर, मुलूख घ्यायला निघणे ती मुलुखगिरी. ('कारागीर' मात्र या कुळातला नाही, तो 'कारीगर'चा आपल्या उच्चाराप्रमाणे झालेला अवतार आहे. परीक्षेत हा प्रश्न घालण्याचा मोह शिक्षकांनी टाळू नये.) खोगिराला फारसीत दुसराही एक शब्द आहे, 'अरकगीर'. 'अरक' म्हणजेही घामच. वैद्याच्या बाटलीतला आपला अर्क हा त्याच शब्दाचा भाऊ, कारण तोही थेंबाथेंबाने पाझरतो. म्हणजे ज्यांनी ही वस्तू वापरली त्यांनी तिचे नाव बसण्यावरून ठेवले नाही, शोभेवरूनही नाही. ती कोणत्या कामासाठी आहे हे नावातच लिहून ठेवले. पुढे मराठीत खोगीर म्हणजे भरलेले आसन असा अर्थ रूढ झाला आणि घाम मागे पडला. धुण्याचा सगळा विचार त्या मागे पडलेल्या घामापासून सुरू होतो.

आमच्या शहरात या शब्दांची घरे अजून उभी आहेत. इंदुरात पागनीसपागा नावाचा मोहल्ला आहे. पागा म्हणजे घोड्यांचे ठाण, फारसी 'पायगाह'. हैदराबादच्या वाचकांना तेथले पायगाह घराण्यातले उमराव आठवतील, शब्द तोच. पागनीस म्हणजे पागनवीस, पागेचा हिशेब लिहिणारा. त्या मोहल्ल्याचा पत्ता रोज लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना या नावाच्या दोन्ही टोकांना घोडा बांधलेला आहे हे ठाऊक नव्हते. होळकरांच्या मूळ पुरुषाचे, मल्हाररावांचे, घराणे धनगराचे, त्यामुळे घोडा आणि घोंगडी या दोन्ही वस्तू आमच्या गावाच्या इतिहासात शेजारी शेजारी आहेत. आता पागा नाहीत. टांगेही गेले. घोडी उरली ती वरातीची.

अशाच एका घोडीवाल्यांच्या अंगणात मी मुलांना नेते. त्यांच्याकडे तीन घोड्या आहेत. ते मराठी नाहीत, माळवी वळणाची हिंदी बोलतात. आणि तरीही तंग, तोबरा, खरारा, नमदा, झूल हे सगळे शब्द त्यांच्या तोंडी रोजचे आहेत. हे शब्द आपल्या कोशांतही आहेत. आमच्या मराठी घरांत शब्द कोशात राहिला आणि वस्तू गेली. त्यांच्याकडे वस्तू राहिली म्हणून शब्द राहिला. मुलांना हे सांगावे लागत नाही. खुंटीवरच्या तोबऱ्याला हात लावून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर आपला शब्द आहे." घोडीवाल्यांनी ते ऐकले आणि शांतपणे म्हणाले, की मग घेऊन जा, पण तोबरा इथेच राहू द्या, संध्याकाळी चंदी द्यायची आहे.

दोन हंगामांपूर्वी त्यांच्या एका पांढऱ्या घोडीची पाठ लागली. 'पीठ लगना' हा त्यांचा शब्द. पाठीच्या हाडावर, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या अलीकडे कातडी सोलवटली होती. नवे मखमली आसन आणले होते. वरून लाल, जरीचे, खड्यांचे. आत फोम, आणि खालच्या बाजूला, पाठीला टेकते तेथे, रेक्झीन. रेक्झीन घाम धरत नाही. घाम पाठीवरच राहिला, त्यात धूळ मिसळली, कातडी ओली राहून मऊ पडली आणि नवरदेवाच्या वजनाखाली घासली गेली. तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम ऐन भरात, आणि घोडी तीन आठवडे उभी. एका घोडीवर एका घराचा महिन्याचा किराणा अवलंबून असतो. त्या तीन आठवड्यांत त्यांनी जुन्या सामानातून काकांच्या वेळचा नमदा काढला, आणि आमचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

घोड्याच्या घामाबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण तो माणसाच्या घामासारखा नसतो. त्यात क्षार जास्त असतात, आणि लॅथेरिन नावाचे एक प्रथिन असते. हे प्रथिन साबणासारखे वागते. घोड्याच्या केसांना तेलकटपणा असतो. त्यावर पाण्याचा थेंब नुसता ओघळून जाईल. लॅथेरिनमुळे घाम केसांवर पसरतो, आणि पसरला की त्याची वाफ होऊन अंग थंड पडते. धावलेल्या घोड्याच्या मानेवर, लगामाच्या पट्ट्याखाली जो पांढरा फेस दिसतो तो याचाच. तेव्हा खोगिराखालच्या कापडात रोज पाणी, मीठ, फेस, गळलेले केस, कातडीचा कोंडा आणि धूळ इतके सगळे मुरते. ओले असताना ते मऊ लागते. वाळले की क्षार कडक होतात आणि कापड पापडासारखे होते. दुसऱ्या दिवशी ते तसेच घातले तर घोड्याच्या पाठीला ते खरखरीत कागदासारखे लागते.

मुलांनी पहिल्या भेटीत नमद्याची बादली भरायला घेतली, तेव्हा घोडीवाल्यांनी अडवले. धुण्याआधी बघा, म्हणाले. नमदा उलटा केला. खालच्या बाजूवर मळाचा ठसा होता. कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखा ठसा असेल तर आसन नीट बसते आहे. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला फिका असेल तर आसन कलते आहे, किंवा तंग एका अंगाने जास्त ओढला जातो आहे. घोडीच्या पाठीवरून आसन उतरवल्या उतरवल्या भोवतीची पाठ घामाने ओली आणि मध्येच एखादा कोरडा तुकडा दिसला तर तेथे दाब इतका पडला आहे की घामसुद्धा आला नाही. जखम तेथे व्हायची आहे. गडद रंगाच्या घोड्यांना जुन्या दाबाच्या जागी पांढरे केस उगवतात, ते लांबूनही दिसतात. पांढऱ्या घोडीला ती खूण दिसत नाही, म्हणून तिच्या पाठीवर हात फिरवावा लागतो. गरम लागणारी, किंचित सुजलेली, हात लावताच घोडी अंग चोरते अशी जागा शोधायची. साहित्याच्या विद्यार्थ्यांना मी वर्षभर बारकाईने वाचा, बारकाईने वाचा असे सांगत असते. त्या दिवशी मला तेवढे बोलावे लागले नाही.

आता धुणे. नमदा म्हणजे विणलेले कापड नव्हे. लोकर ओली करून, दाबून, घोळवून तिचे तंतू एकमेकांत अडकवून केलेली जाड लादी. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे ही तीन कामे एकत्र आली की खवले एकमेकांत घुसतात आणि परत सुटत नाहीत. नमदा याच गुणामुळे तयार होतो, आणि घोंगडी धुताना आटून चटईएवढी होते ती याच गुणामुळे. ज्या क्रियेने वस्तू बनते त्याच क्रियेने ती बिघडते, तेव्हा धुताना कोणती क्रिया करायची आणि कोणती नाही हे फार नेमके सांगावे लागते.

येथे मराठी कामाला येते. मुलांच्या पहिल्या खर्ड्यात 'धुवा' हे एकच क्रियापद पानभर होते : घोंगडी धुवा, नीट धुवा, पुन्हा धुवा, स्वच्छ धुवा. मी त्यांना म्हटले, घरी जाऊन आजीला विचारा की ती कपड्यांचे काय काय करायची. पुढच्या तासाला फळा भरला. भिजत घालणे, बुचकळणे, खळबळणे, विसळणे, चुबकणे, चोळणे, घासणे, आपटणे, पिळणे, निथळणे, झटकणे, वाळत घालणे. एका मुलीच्या आजीने 'चुबकणे' आणि 'बुचकळणे' यांतला फरक हाताने करून दाखवला होता : बुचकळताना कापड पाण्यात बुडवून वर काढायचे, चुबकताना ओले कापड हलक्या हाताने दगडावर आपटत पाणी मारायचे. आता या यादीतून लोकरीला कोणती चालतात ते निवडा, असे सांगितले. बुचकळणे, तळव्याने दाबणे, निथळणे, वाळत घालणे चालते. चोळणे, घासणे, आपटणे, पिळणे चालत नाही. खळबळणे कापसाला चालते, लोकरीला नाही. 'धुणे' हा या सगळ्यांच्या वरचा मोठा शब्द आहे, आणि कृती सांगताना मोठा शब्द फारसा उपयोगाचा नसतो. हिंदीत किंवा इंग्रजीत हे फरक सांगता येत नाहीत असे मी म्हणत नाही. आमच्या मुलांना ते मराठीत सांगता येत होते आणि त्यांना ते माहीत नव्हते, एवढेच.

घोंगडीची रीत अशी. पहिला दिवस कोरडा. घोंगडी उन्हात दोन तास टाकायची, म्हणजे ओलसर मळ सुटा होतो. मग काठीने हलके झोडपायची आणि कडक केसांच्या ब्रशने एकाच दिशेने केस व कोंडा काढायचा. हे काम कंटाळवाणे आहे आणि निम्मे धुणे यातच होते. केस आधी निघाले नाहीत तर पाण्यात त्यांचे गोळे होऊन लोकरीत रुततात आणि मोरी तुंबते. घरच्या धुलाईयंत्रात घोड्याचे कापड घालू नये हे माझे स्पष्ट मत आहे; केसांनी गाळणी आणि पंप अडतो, आणि ओल्या घोंगडीचे वजन त्या पिंपाला झेपत नाही. शिवाय पुढच्या चार धुण्यांत घरच्या कपड्यांना घोड्याचा वास येतो, ही गोष्ट सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

रात्री मूठभर रिठ्यांची साले पाण्यात भिजत घालायची, सकाळी ते पाणी उकळून, गाळून, थंड होऊ द्यायचे. रिठा नसेल तर लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रवरूप साबण चालतो. धुण्याचा सोडा आणि नेहमीची कपड्यांची पावडर नको. सोड्याने लोकर खरखरीत आणि कमजोर होते. काही पावडरींत प्रथिने पचवणारी एन्झाइम असतात, ती डाग खाता खाता लोकरही खातात, कारण लोकरही प्रथिनच. ब्लीचिंगचे पाणी तर लोकर अक्षरशः विरघळवते. मोठ्या घंगाळात किंवा सिमेंटच्या टाकीत गार पाणी घ्यायचे, रिठ्याचे पाणी मिसळायचे, घोंगडी बुचकळून पंधरा-वीस मिनिटे राहू द्यायची, मधूनमधून तळव्याने दाबायची. पाणी काळे होते. ते सोडून त्याच उष्णतेचे दुसरे पाणी घ्यायचे. एकदा गार, एकदा कोमट असे केले की लोकर आटते. फेस येणे थांबेपर्यंत पाणी बदलायचे, तीन-चारदा तरी. साबणाचा अंश राहिला तर घोडी घामाने भिजल्यावर तो पुन्हा सुटतो आणि कातडीला खाज येते. मग ती भिंतीला अंग घासते आणि आपण म्हणतो गोचीड झाली.

नवी घोंगडी पहिल्यांदा धुताना पाणी चिकट होते, त्याने दचकू नये. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे सूत विणण्याआधी चिंचोक्याच्या खळीने ताठ करतात. सणगर विणकरांची ही जुनी रीत. पहिल्या धुण्यात ती खळ उतरते आणि घोंगडी मऊ पडते.

लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण. वरातीनंतर घामेजलेली घोडी माळव्याच्या थंड रात्री उघडी उभी राहिली तर गारठते. अंगावर कोरडी घोंगडी टाकली की ती घाम ओढून घेते आणि ऊबही टिकवते. पण हाच गुण धुताना आडवा येतो. तीन-साडेतीन किलोची घोंगडी भिजली की एकट्याला उचलत नाही. दोरीवर मधोमध टाकली तर स्वतःच्याच वजनाने ताणली जाऊन लांबते. म्हणून ती पिळायची नाही. टाकीच्या कडेवर गुंडाळून ठेवून निथळू द्यायची, मग जुन्या चादरीत घालून दाबायची आणि सुतळीच्या खाटेवर आडवी, सावलीत पसरायची. खाटेला खालूनही वारा लागतो. दिवसातून दोनदा उलटायची. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले या जुन्या कोड्याचे 'न फिरवल्यामुळे' हे एकच उत्तर आपण मुलांना सांगतो. घोंगडीला वास का आला, हा चौथा प्रश्न त्यात बिनदिक्कत घालावा. पावसाळ्यात लोकर धुवायला घेऊ नये. आणि वर्षातून एकदा, फार तर दोनदा. रोजचे काम ब्रशने आणि उन्हाने होते.

झुलीचे वेगळे. मखमल, जर, खडे, डिंकाने चिकटवलेली टिकली, यांतले काहीही पाण्यात टिकत नाही. तिला फक्त मऊ ब्रश आणि डागाच्या जागी ओल्या फडक्याचा हलका हात. पण तिच्या खालची बाजू रोज घामाला टेकते. यावर घोडीवाल्यांच्या घरातल्या बाईंनी जो उपाय केला तो मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी जुन्या सुती चादरी दुहेरी करून, मध्ये पातळ कापसाचा थर घालून, आसनाच्या आणि झुलीच्या मापाची अस्तरे शिवली आणि ती नाड्यांनी बांधायची सोय केली. प्रत्येक वरातीनंतर नाड्या सोडायच्या, अस्तर कढत पाण्यात, साध्या साबणाने, मनसोक्त चोळून, खळबळून, पिळून कडक उन्हात. सुती कापडाला हे सगळे मानवते. प्रत्येक घोडीला तीन अस्तरे : एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. अरकगीर हा शब्द त्या बाईंनी कधी ऐकलेला नाही. त्यांनी शिवले ते तंतोतंत तेच.

प्रत्येक घोडीचे कापड वेगळे, हा नियम मात्र सोयीचा नव्हे, आरोग्याचा. कातडीवरची बुरशी, म्हणजे आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो तो रोग, घोड्यांना होतो आणि कापड, ब्रश, खरारा यांवरून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातो. घोड्याकडून माणसालाही होतो. बुरशीचे बीज कापडात महिनोन्‌महिने टिकते. गोल चट्टे पडून केस झडू लागले तर पशुवैद्याला दाखवावे, त्या घोडीचे अस्तर उकळावे, आणि नमद्यासारखी जी वस्तू उकळता येत नाही ती पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय दुसऱ्या घोडीवर घालू नये. हत्तीच्या कानावरून नाव पडलेला रोग घोड्यावरून माणसावर येतो, यात शब्दाचा अभ्यास करणाऱ्याला गंमत वाटेल. ज्याला होतो त्याला वाटत नाही.

रेसकोर्सवरच्या आणि रायडिंग क्लबांच्या तबेल्यांत हल्ली जलरोधक नायलॉनची पांघरुणे असतात. त्यांचे एका वाक्यात सांगते : गरम पाणी, साधी कपड्यांची पावडर आणि कापड मऊ करणारे द्रव या तिन्हींनी त्यांचा जलरोधक थर जातो, म्हणून गार पाणी, त्यासाठीचाच साबण, आणि धुतल्यावर थर पुन्हा द्यावा लागतो.

आता भरतीकडे येते, कारण मूळ प्रश्न तो होता. जुन्या खोगिरात लोकर, कापूस, गवत, चिंध्या, जे हाताशी येईल ते भरत. यावरून खोगीरभरती म्हणजे निवड न करता जागा भरणे, हा अर्थ आला. मोल्सवर्थच्या 1857 च्या आवृत्तीपासून आजच्या परीक्षणांपर्यंत तो टिकून आहे. पण खोगीर पाठीवर ठेवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यातली भरती हीच महत्त्वाची. वरचे चामडे कितीही चांगले असो, आत गाठ झाली असेल, एका बाजूला कमी भरले असेल, तर घोड्याची पाठ लागते. घामाने भरती बसते, तिचे गठ्ठे होतात. म्हणून उसवून, बाहेर काढून, उन्हात वाळवून, पिंजून पुन्हा सारखी भरावी लागते. आजही चांगले खोगीर करणारे लोकरीची भरती ठराविक काळाने तपासतात आणि बदलतात. तेव्हा या शब्दातला दोष भरतीचा नाही, न पाहता भरणाऱ्याचा आहे. संग्रहातल्या सामान्य कथांना खोगीरभरती म्हणण्यापूर्वी त्या कथा कशाचे वजन पेलताहेत हे पाहिले पाहिजे असे मला अलीकडे वाटू लागले आहे. काही संग्रहांत त्या काहीच पेलत नाहीत, हेही खरे.

'गंगेत घोडं न्हालं' या वाक्प्रचारावर एका विद्यार्थ्याने टिपणात लिहिले, की घोडे न्हाले पण त्याचे खोगीर काठावर तसेच पडले असेल तर बाहेर आल्यावर तोच मळ पुन्हा पाठीवर. मी त्या टिपणाला पूर्ण गुण दिले.

ठेवण्याबद्दल थोडे. लोकरीला कसर लागते. हा किडा घाम आणि मळ असलेल्या जागा आधी खातो, म्हणून न धुतलेली घोंगडी पेटीत घालू नये. पूर्ण वाळल्याची खात्री करायची असेल तर घडीच्या मध्ये गाल लावून पाहावा. हाताला जी ओल कळत नाही ती गालाला कळते. वाळलेला कडुलिंबाचा पाला घड्यांमध्ये, वर जुनी सुती चादर. प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यात ओल कोंडते. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी पेटी उघडून घोंगडी झटकायची. कसरीची अंडी अंधाराला आणि शांततेला सरावलेली असतात, झटकण्याने ती पडतात.

मुलांनी या सगळ्याचे दोन पानांचे पत्रक केले, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. भाषांतर करताना त्यांचा वेळ क्रियापदांवर गेला. वस्तूंची नावे दोन्ही बाजूंना जवळजवळ तीच राहिली. घोडीवाल्यांना आम्ही ते वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. पहिली ओळ 'नमदा उन्हात टाका' अशी होती. त्याच्या आधी एक ओळ हवी, म्हणाले : घोडीच्या पाठीवरून हात फिरवा, दोन्ही बाजूंनी, खांद्यापासून कमरेपर्यंत. ती ओळ आता पहिली आहे, आणि 'फिरवा' की 'फिरवून पाहा' यावर वर्गात पाऊण तास चर्चा झाली. 'फिरवून पाहा' ठेवले.